सान हुआनच्या महापौर आणि न पोचलेले ट्रक

टीव्हीवरचा तो तुकडा तेव्हा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तारीख 29 सप्टेंबर 2017. बारीक चणीच्या, चष्मा लावलेल्या एक बाई माईकसमोर उभ्या आहेत आणि मागे खोक्यांच्या थप्प्या रचलेल्या आहेत. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटतो. आम्ही इथे मरतोय, त्या म्हणतात, आणि तुमची ढिलाई आणि तुमचे कागदी घोडे आम्हाला मारतायत. ऐकणारं कुणी असेल तर वाचवा, भीक मागते.

या कार्मेन युलीन क्रूझ, कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाची राजधानी सान हुआनच्या तेव्हाच्या महापौर. नऊ दिवसांपूर्वी 'मारिया' चक्रीवादळ त्यांच्या बेटावरून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विटरवरून त्यांना झापलं: महापौरांना नेतृत्व जमत नाही, आणि या लोकांना सगळं आयतं हवंय. मग जगभर बातमी झाली ती 'ट्रम्प विरुद्ध महापौर' अशीच.

भांडण होतंच. पण त्या चित्रात एक विचित्र गोष्ट होती आणि टीकाकारांनी ती लगेच पकडली. बाई म्हणतात काही मिळत नाही, आणि मागे तर मालाच्या थप्प्या! हे कसं काय? प्रश्न खोडसाळपणे विचारला गेला, पण प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर शोधत गेलं की क्रूझ यांची सगळी राजकीय कारकीर्द उलगडत जाते.

आधी 'महापौर' या शब्दाबद्दल. आपल्याकडे महापौर म्हणजे सभागृहाचे अध्यक्ष आणि शहराचे प्रथम नागरिक. पण फाइलवर सही लागते ती आयुक्तांची. महाराष्ट्रातल्या महापालिकांत कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात, महापौरांकडे मान असतो. सान हुआनमध्ये तसं नाही. तिथे लोक महापौराला थेट निवडून देतात आणि तोच प्रशासनाचा प्रमुख असतो. म्हणजे आपल्याकडचे महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत बसवले तर जे होईल ते. पोर्तो रिकोत अशा 78 नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीला असा एक कर्ता महापौर. सान हुआन त्यातली सर्वात मोठी, वस्ती साडेतीन लाखांच्या आतबाहेर. आपल्या हिशेबानं एखादं जिल्ह्याचं शहर म्हणावं एवढीच, पण त्या बेटाची ती राजधानी.

आणि बेटाचा दर्जा हा तर त्याहून मोठा घोळ. पोर्तो रिको 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, स्पेनकडून युद्धात मिळालेलं. 1917 पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. पासपोर्ट अमेरिकेचा, पैसा डॉलर, लष्करात भरती होता येतं. पण बेटावर राहत असतील तर अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. वॉशिंग्टनच्या संसदेत त्यांचा एक प्रतिनिधी बसतो, बोलू शकतो, पण अंतिम मतदानात त्याला मत नाही. घरातलं माणूस आहे, पण घराच्या बैठकीत बोलावलेलं नाही. त्यामुळे तिथलं राजकारण डावं-उजवं असं कमी आणि 'अमेरिकेशी नातं काय असावं' या एकाच प्रश्नाभोवती जास्त फिरतं. एका पक्षाला अमेरिकेचं पूर्ण राज्य व्हायचंय, एकाला स्वातंत्र्य हवंय. तिसरा, पॉप्युलर डेमोक्रॅटिक पार्टी, 1952 पासून चालत आलेली मधली व्यवस्था सांभाळू पाहतो. क्रूझ या तिसऱ्या पक्षाच्या, पण त्यातल्याही जरा वेगळ्या गटाच्या: नातं असू दे, पण सार्वभौम बरोबरीच्या पातळीवर, असं म्हणणाऱ्या. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे त्यांच्या ओरडण्यात 'मदत द्या' इतकंच 'आम्हाला दुय्यम समजू नका' हेही होतं.

त्यांची सुरुवातीची वाटचाल थोडक्यात सांगतो. जन्म 1963 चा, सान हुआनमध्येच. बॉस्टन विद्यापीठात राज्यशास्त्र, मग कार्नेगी मेलनमधून सार्वजनिक व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, आणि अमेरिकेत बरीच वर्षं मनुष्यबळ विभागातल्या नोकऱ्या. 1992 मध्ये त्या बेटावर परतल्या आणि सिला मारिया काल्देरोन यांच्या सल्लागार झाल्या. काल्देरोन नंतर सान हुआनच्या महापौर झाल्या आणि मग बेटाच्या पहिल्या महिला गव्हर्नर. क्रूझ यांनी 2000 मध्ये विधिमंडळाची निवडणूक लढवली आणि हरल्या. 2008 मध्ये पुन्हा लढल्या, जिंकल्या. 2012 मध्ये पक्षाच्या आधीच्या उमेदवारानं माघार घेतल्यावर महापौरपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं. समोर होते तीन वेळा निवडून आलेले होर्हे सान्तिनी. क्रूझ यांनी विद्यार्थी, समलिंगी समूहांच्या संघटना, डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेले स्थलांतरित आणि टॅक्सीवाले यांची मोट बांधली आणि सान्तिनींना पाडलं. 2016 मध्ये पुन्हा निवडून आल्या. बेटाबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. बेटावर लोक नुसतं 'युलीन' म्हणायचे.

सान हुआनला बाई महापौर नवीन नव्हती, हेही सांगायला हवं. फेलिसा रिंकोन दे गोतिए यांनी 1946 पासून 22 वर्षं हे शहर चालवलं. त्यांनी एकदा शहरातल्या पोरांना बर्फ म्हणजे काय ते कळावं म्हणून विमानानं बर्फ मागवला होता! उष्ण कटिबंधात बर्फाची लढाई खेळलेली ती पोरं पुढे म्हातारी झाली तरी ते सांगायची. तेव्हा विमानानं आलेली वस्तू पोरांच्या हातात वितळायच्या आत पोचली होती. 2017 मध्ये बाटलीबंद पाणी पोचत नव्हतं.

वादळ आणि साखळी

20 सप्टेंबर 2017 ला पहाटे सव्वासहाच्या सुमारास मारिया बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, याबुकोआजवळ धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 250 किलोमीटर. बेट पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान, त्यामुळे वाचलेला कोपरा असा उरलाच नाही. संपूर्ण बेटाची वीज गेली. मोबाइलचे जवळपास सगळे टॉवर बंद पडले. दोनच आठवड्यांपूर्वी 'इर्मा' वादळ घासून गेलं होतं, तेव्हाची तुटलेली वीज अजून सगळीकडे आली नव्हती. आणि वीज मंडळ आधीच दिवाळखोर! बेटावर 70 अब्ज डॉलरच्या वर कर्ज होतं, खर्चावर वॉशिंग्टननं नेमलेल्या वित्तीय मंडळाचा पहारा होता. खांब, तारा, झाडतोड, सगळ्याची देखभाल वर्षानुवर्षं पुढे ढकललेली. वादळानं मोडलं ते आधीपासून मोडकळीला आलेलं होतं.

क्रूझ यांच्या घरातही पाणी शिरलं. त्यांनी मुक्काम हलवला तो रोबेर्तो क्लेमेंते क्रीडागृहात, जिथे शहराचा निवारा आणि मदतकेंद्र होतं. बास्केटबॉलच्या त्या इमारतीत कॉटवर झोपायचं आणि दिवसा कमरेएवढ्या पाण्यातून वस्त्यांत जायचं, ही त्यांची तेव्हाची छायाचित्रं. छायाचित्रं मुद्दाम काढून घेतलेली असतात हे मान्य, पण कॉट खरी होती.

आता थप्प्यांचा प्रश्न.

मोठ्या आपत्तीत अमेरिकेची केंद्रीय यंत्रणा, म्हणजे 'फेमा', मदतीला येते. पण कायद्यानं ती महापौराच्या हाकेला येत नाही. गव्हर्नरनं अध्यक्षांकडे मागणी करायची, अध्यक्षांनी आपत्ती जाहीर करायची, मग पैसा आणि माल सुटतो. नगरपालिकेनं आपली गरज बेटाच्या आपत्ती केंद्राकडे कळवायची, केंद्रानं फेमाकडे, फेमानं लष्कराकडे किंवा कंत्राटदाराकडे. रचनेत चूक काही नाही. आपल्याकडेही पंचनामा तलाठ्यापासून सुरू होतो आणि दिल्लीच्या पथकापर्यंत जातो. पण ही साखळी एक गोष्ट गृहीत धरते, की मधल्या कड्या जाग्यावर आहेत. फोन लागतो, अर्ज भरायला इंटरनेट आहे, ट्रकचा ड्रायव्हर घरून कामावर येऊ शकतो. मारियात प्रत्येक कडीच आपत्तीग्रस्त होती. ज्या ड्रायव्हरनं माल न्यायचा त्याच्याच घराचं छप्पर उडालेलं, फोन बंद, रस्त्यात झाड, गाडीत डिझेल नाही.

सान हुआनच्या बंदरात हजारो कंटेनर येऊन पडले होते. अन्न होतं, औषधं होती, पाणी होतं. बंदरापासून वस्तीपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर नव्हते. माल 'आला' आणि माल 'मिळाला' यातला हा फरक टीव्हीच्या चित्रात दिसत नाही. थप्पी दिसते, एवढंच.

त्यात समुद्रावरची एक जुनी अट. 1920 च्या जोन्स कायद्यानं अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं आणि अमेरिकी खलाशांचं हवं. पोर्तो रिकोला येणारा माल त्यामुळे एरवीही महाग पडतो. 28 सप्टेंबरला दहा दिवसांपुरती ही अट उठवली गेली. ते बरंच झालं, पण खरी अडचण तेव्हा बंदराच्या आतल्या बाजूला होती.

त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये अंतर्गत सुरक्षा खात्याच्या हंगामी मंत्री इलेन ड्यूक म्हणाल्या की लोकांपर्यंत पोचण्याची आमची क्षमता आणि मृतांची मर्यादित संख्या पाहता ही खरं तर एक चांगली बातमी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सीएनएनवर क्रूझ यांना हे ऐकवलं गेलं आणि त्या भडकल्या. ओढ्याचं पाणी पिताय तेव्हा ही चांगली बातमी नसते, बाळाला द्यायला अन्न नाही तेव्हा ही चांगली बातमी नसते, असं म्हणत त्या जे बोलल्या त्यात एक वाक्य होतं जे मला त्यांच्या सगळ्या गाजलेल्या वाक्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ही मालानं भरलेल्या ट्रकची गोष्ट आहे, त्या म्हणाल्या, जो लोकांपर्यंत नेता येत नाही. संतापाच्या भरातही निदान अचूक होतं.

'आम्ही मरतोय' हे वाक्य मात्र शर्टावर छापलं गेलं. त्याच रात्री त्या 'वाचवा, आम्ही मरतोय' असा शर्ट घालून टीव्हीवर आल्या. वीज नसलेल्या शहरात शर्ट कुणी छापला, अशी चेष्टा झाली. पुढे ट्रम्प यांनी त्या आपल्याशी 'नॅस्टी', म्हणजे वाईट, वागतात म्हटल्यावर तोच शब्द लिहिलेला शर्ट घालून त्या मुलाखतीला बसल्या. हे राजकारण होतं का? होतंच. क्रूझबाई संन्यासिनी नव्हत्या. सान हुआनला लागूनच असलेल्या ग्वायनाबोचे महापौर आन्हेल पेरेस तेव्हा म्हणाले की फेमाच्या बैठकांना आम्ही जातो, या काही तिथे दिसत नाहीत, आणि माझा फेमाचा अनुभव वाईट नाही. पेरेस क्रूझ यांच्या विरोधी पक्षाचे, म्हणून त्यांचं म्हणणं थोडं गाळून घ्यावं लागतं. पण पूर्ण टाकूनही देता येत नाही. बैठकीत बसून यंत्रणा हलवायची की माईकसमोर उभं राहून, हा निर्णय क्रूझ यांनी घेतला होता आणि त्याची किंमतही होती. गव्हर्नर रिकार्दो रोसेयो यांनी उलट मार्ग धरला: वॉशिंग्टनशी गोड बोलायचं, म्हणजे पैसा अडणार नाही.

3 ऑक्टोबरला ट्रम्प बेटावर आले. 2005 च्या कतरिना चक्रीवादळासारखी 'खरी आपत्ती' आठवा, तिथे शेकड्यांनी माणसं गेली, तुमच्याकडे 16, तुम्हाला अभिमान वाटायला हवा, अशा अर्थाचं ते बोलले. मग ग्वायनाबोच्या एका चर्चमध्ये जमलेल्या लोकांकडे त्यांनी पेपर टॉवेलचे रोल भिरकावले. मला वाटतं त्या दिवसाची खरी गोष्ट रोलची नव्हती, 16 या आकड्याची होती.

मेले किती?

वादळातले मृत्यू मोजणं सोपं वाटतं. झाड पडून मेला, पुरात बुडाला, भिंत कोसळली: मोजा. पण मारियात बहुतेक माणसं वाऱ्यानं मेलीच नाहीत. वीज नसल्यानं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं. डायलिसिस केंद्राचं जनरेटर डिझेलवाचून थांबलं. फ्रिज नाही म्हणून इन्शुलिन खराब झालं. फोन नाही म्हणून अँब्युलन्स बोलावता आली नाही. अशा माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर लिहितो 'हृदयविकार' किंवा 'मधुमेह'. वादळाचं नाव तिथे येत नाही. सरकारी यादी या दाखल्यांवरून बनते, आणि ती यादी 64 वर येऊन थांबली. महिनोन्‌महिने तोच अधिकृत आकडा होता.

यावर मोजायची दुसरी रीत आहे, तिला 'अतिरिक्त मृत्यू' म्हणतात. समजा एखाद्या गावात दर वर्षी ऑक्टोबरमध्ये साधारण शंभर माणसं जातात. यंदाच्या ऑक्टोबरमध्ये एकशे तीस गेली. कुठला मृत्यू वादळामुळे, हे एकेकाचं सांगता येणार नाही, पण वरची तीस कुठून आली याचं उत्तर द्यावंच लागतं. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी बेटाच्या सरकारसाठी हाच हिशेब केला. त्यात एक खुबी होती. वादळानंतर हजारो लोक बेट सोडून फ्लोरिडाकडे गेले होते. म्हणजे मागे माणसंच कमी, तर मृत्यूही कमी व्हायला हवे होते. ते धरून त्यांनी सप्टेंबर 2017 ते फेब्रुवारी 2018 या सहा महिन्यांचा आकडा काढला: 2,975. त्याआधी हार्वर्डच्या चमूनं घरोघर पाहणी करून 4,645 असा अंदाज दिला होता, पण त्यात वर-खाली होण्याची शक्यता फार मोठी होती. ऑगस्ट 2018 मध्ये सरकारनं 2,975 हा आकडा अधिकृत मानला. ट्रम्प यांनी पुढच्याच महिन्यात तो खोटा ठरवला. तीन हजार माणसं मेलीच नाहीत, डेमोक्रॅट पक्षानं मला वाईट दाखवायला हे रचलंय, असं त्यांचं म्हणणं.

त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला सान हुआनच्या विधानभवनासमोर लोकांनी जोडे आणून ठेवले होते. चपला, नर्सचे पांढरे बूट, लहान पोरांच्या सँडल, शेकडो जोड. काहींवर चिठ्ठी, नाव, वय. यादीत नाव नाही तर जोडा तरी मोजा, असं.

नऊ दिवसांनी 'आम्ही मरतोय' म्हणणाऱ्या बाईला तेव्हा अतिशयोक्ती करणारी म्हटलं गेलं. वर्षभरानं पाहता त्या वाक्यात अतिशयोक्ती नव्हती, नेमका वर्तमानकाळ होता. लोक मेले नव्हते, मरत होते. सहा महिने मरत राहिले.

ओरडण्यातून काय मिळालं, हे मोजणं कठीण. बेटाकडे जगाचं लक्ष वेधलं गेलं, कंत्राटांवर नजर गेली. वीज उभी करायला माँटाना राज्यातल्या व्हाइटफिश नावाच्या कंपनीला 30 कोटी डॉलरचं काम दिलेलं होतं, जिच्याकडे वादळ आलं त्या दिवशी पूर्णवेळ कर्मचारी दोनच. गदारोळ झाला आणि ऑक्टोबरअखेर ते रद्द झालं. क्रूझ यांनी या कंत्राटावर जाहीर टीका केली तेव्हा कंपनीनंच ट्विटरवर त्यांना विचारलं, तुमच्या शहरातली आमची माणसं परत बोलावू का? नंतर माफीही मागितली. तीन कोटी जेवणांचं कंत्राट दुसऱ्या एका छोट्या कंपनीला मिळालं होतं. पोचली पन्नास हजार. वीज मात्र सगळीकडे यायला जवळपास अकरा महिने लागले.

2018 मध्ये 'टाइम' मासिकाच्या शंभर प्रभावशाली व्यक्तींत क्रूझ यांचं नाव आलं. त्याच जूनमध्ये अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचे, एफबीआयचे, लोक त्यांच्या महापालिकेच्या खरेदी विभागात चौकशीला आले. निविदांबाबतची ती चौकशी. क्रूझ यांच्यावर आरोप ठेवले गेले नाहीत, पण बाहेर जितकं कौतुक तितका घरी संशय, हे चित्र तेव्हापासून दिसू लागलं. पुढे अमेरिकी सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराच्या त्या सहअध्यक्ष झाल्या. 2019 च्या मार्चमध्ये त्यांनी स्वतः गव्हर्नरपदाची उमेदवारी जाहीर केली.

त्या वर्षीचा जुलै वेगळाच निघाला. गव्हर्नर रोसेयो आणि त्यांच्या खास मंडळींच्या खासगी चॅटची शेकडो पानं फुटली. त्यात एका सहकाऱ्यानं क्रूझ यांना गोळी घालायला हात शिवशिवतायत असं लिहिलं होतं आणि गव्हर्नरसाहेबांनी उत्तर दिलं होतं, उपकार होतील. मृतांवरही विनोद होते. लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि रोसेयो यांना जावं लागलं.

यानंतर क्रूझ यांचा रस्ता मोकळा व्हावा असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. लोकांचा राग एका पक्षावर नव्हता, सगळ्या जुन्या राजकारण्यांवर होता, आणि क्रूझ आठ वर्षं सत्तेतल्या महापौर होत्या. शहरातले खड्डे, कचरा, महापालिकेचं कर्ज, हे सगळं त्यांच्या नावावर. ज्या आवाजानं त्यांना बाहेर ओळख दिली त्याच आवाजाचा घरच्या मतदाराला कंटाळाही आला असावा, असं मला वाटतं. शिवाय नातं सार्वभौम असावं ही त्यांची भूमिका पक्षातल्या बहुतेकांना जरा पुढचीच वाटायची.

जानेवारी 2020 मध्ये दक्षिणेकडे भूकंप झाले, आणि पोन्से शहरातल्या एका गोदामात लोकांना पाण्याच्या बाटल्या, कॉट, ताडपत्र्या सापडल्या. मारियाच्या वेळेपासून पडून असलेला माल. आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रमुखांची त्याच दिवशी हकालपट्टी झाली.

ऑगस्ट 2020 मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत मतदान होतं. तारीख 9. सकाळी लोक मास्क लावून रांगेत उभे राहिले आणि केंद्रात मतपत्रिकाच नाहीत. ट्रक कित्येक ठिकाणी वेळेत पोचले नव्हते, काही ठिकाणी पोचलेच नाहीत. राहिलेल्या केंद्रांवरचं मतदान एक आठवडा पुढे ढकलावं लागलं. 16 तारखेला ते पुरं झालं तेव्हा इसाबेला शहराचे महापौर कार्लोस देल्गादो जिंकले होते आणि क्रूझ तिसऱ्या क्रमांकावर, बऱ्याच मागे.